डोळ्यातला हात

गोरेगाव (ता. सेनगाव)
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय मलिका,

अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप घरी पोचलो. हैदराबादपासून हिंगोलीपर्यंत रेल्वेत आणि पुढे जीपमध्ये यांनी तू सांगितल्याप्रमाणे मान खालीच ठेवली. डब्यातल्या एका बाईने माझ्या कानाशी येऊन विचारलं, घरात काही वाईट झालंय का. मी म्हटलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तिला ते पटलं नाही, कारण ऑपरेशन झालेला माणूस वर बघतो असा तिचा समज.

फोन न करता पत्र लिहितेय याला हसू नकोस. माझे कान आता फारच गेले आहेत. फोन कानाला लावला की नुसती भुणभुण ऐकू येते. आणि पत्रलेखन तुला चौथीत मीच शिकवलं आहे, तेव्हा तुलाही लिहायला हरकत नाही.

तू केलंस त्याचे आभार मानायचे तर कागद पुरणार नाही. हळद शिजवायच्या गडबडीत यांनी डोळ्यापुढच्या चमका अंगावर काढल्या. धुराने होतंय म्हणाले. मग उजव्या डोळ्यात खालून, नाकाच्या बाजूने काळा पडदा चढत आला, तेव्हा कुठे मला सांगितलं. तू त्याच आठवड्यात टेबलावर घेतलंस म्हणून डोळा राहिला.

आता एक विचारायचं आहे. हे दिवसभर बाजेवर पालथे पडून असतात. काल एकदम म्हणाले, "मलिकाच्या हातात दोन काड्या व्हत्या. मंग तिसरा हात कोणाचा व्हता?"

मी विचारलं, कुठला तिसरा हात. तर म्हणाले, ऑपरेशन चालू असताना डोळ्यात सगळं दुधासारखं पांढरं होतं आणि त्यात दोन काळ्या काड्या फिरत होत्या. मग एक हात आला. काडी नव्हे, हात. धुतलेलं धोतर वाळत घालताना आपण सुरकुती काढतो, तसा त्याने तळवा फिरवला आणि गेला.

तुझ्या मदतीला दुसरे कोणी डॉक्टर होते का? सहज विचारतेय. तुझे अब्बा काल यांना बघून गेले, त्यांची तब्येत बरी आहे.

तुझी,
नर्मदाबाई


हैदराबाद
२७ फेब्रुवारी २०२४

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. तुमचं अक्षर बघून पाठ सरळ करून बसले. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर लाल शाईने खुणा करून परत पाठवा.

काकांना जे दिसलं त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंजेक्शनने डोळा बधिर होतो, पण दिसणं पूर्ण बंद होत नाही. पुष्कळ पेशंटना आतल्या हत्यारांच्या सावल्या दिसतात.

मी नेमकं काय केलं ते सांगते, म्हणजे काकांना वाचून दाखवता येईल. डोळ्याच्या पांढऱ्या भागात तीन छिद्रं केली. रक्त तपासायला घेतात त्या सुईहून बारीक, टाका लागत नाही, आपली आपण मिटतात. एकातून सतत पाणी आत सोडायचं, म्हणजे डोळा चेपत नाही. दुसऱ्यातून उजेडाची काडी. तिसऱ्यातून कटर. डोळ्यात जेलीसारखा गर असतो, तो कटर कापतो आणि ओढून घेतो. गराची ओढ गेली की डोळ्याच्या मागचा सुटलेला पडदा, म्हणजे रेटिना, जागेवर बसवता येतो. मग फाटलेल्या जागेभोवती लेझर करायचा आणि शेवटी गॅस भरायचा. गॅसचा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो. मान खाली ठेवायची ती त्यासाठी.

म्हणजे काड्या दोन, आणि तिसरी पाण्याची नळी. काकांना बहुतेक तीच दिसली. माझ्याबरोबर प्रियदर्शनी सिस्टर होत्या, पण डोळ्यात हात फक्त माझेच होते. ऑपरेशन अगदी सरळ झालं.

थेंब चुकवू नका. गॅस आहे तोवर उताणं झोपायचं नाही आणि विमानात बसायचं नाही. दुसरी गोष्ट काका ऐकतील अशी खात्री आहे.

तुमची विद्यार्थिनी,
मलिका


गोरेगाव
७ मार्च २०२४

प्रिय मलिका,

तुझं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पाण्याच्या नळीला नखं असतेत का, इचार तिला."

ते आता बसतात, अंगणात थोडं फिरतात. बुडबुडा खाली खाली चाललाय. त्याच्या वरच्या बाजूने त्यांना उजेड, झाड, माझी साडी असं पुसट दिसू लागलंय. तू म्हणाली होतीस तसंच. खाली बघितलं आणि वस्तू डोळ्याच्या अगदी जवळ धरली की बुडबुड्यातून मोठी आणि स्पष्ट दिसते, हेही खरं. पालथे असताना जमिनीवरच्या मुंग्यांचे पाय त्यांनी मला मोजून सांगितले.

पण त्या बुडबुड्यात त्यांना हात दिसतो. आता ऑपरेशनमधला नव्हे, आजचा. विहिरीच्या काठावर कोणी हात टेकावा तसा बुडबुड्याच्या कडेवर टेकलेला असतो. मी खोदून खोदून विचारलं. बाईचा की पुरुषाचा ते कळत नाही. ओळखीचा नाही. अंगठी नाही, बांगडी नाही. बोटांची टोकं फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली आहेत. डोळा फिरवला की बुडबुडा हलतो, हात हलत नाही.

ते घाबरलेले नाहीत, हेच मला खटकतं. मीच घाबरले आहे. पाहुणे आल्यावर मोठ्याने बोलू नये तसं ते हल्ली हळू बोलतात, मला ओठांवरून ओळखावं लागतं.

यांचा चुलत भाऊ जळबा परवा येऊन बसला. त्याच्या मते ही बाहेरची बाधा. वाशीमकडे कोणी एक माणूस आहे, तो डोळ्यात झाडाचा चीक घालून असलं काढतो म्हणे. जीप घेऊनच आला होता. मी दारात उभी राहिले आणि सांगितलं, या डोळ्याला मलिकाशिवाय कोणी हात लावायचा नाही. बोलल्यावर माझं मलाच कसंसं झालं. जळबा रागाने गेला.

हे काय आहे, मला खरं सांग.

नर्मदाबाई


हैदराबाद
१४ मार्च २०२४

आदरणीय बाई,

जळबाकाकांना परत पाठवलंत, फार बरं केलंत. चीक, मध, काजळ, काहीही डोळ्यात जाता कामा नये. दोन दिवसांत डोळा सडेल.

नजर अधू झाली की काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसतात. कोणाला नक्षी दिसते, कोणाला फुलं, कोणाला ओळीने चालणारी बुटकी माणसं. डोळ्याकडून कमी माहिती येते तेव्हा रिकामी जागा मेंदू स्वतःच्या मनाने भरतो. हे वेड नाही आणि बाधाही नाही. नजर सुधारली की जातं. असे पेशंट मी पाहिलेत, आणि तेही बहुधा घाबरत नाहीत. काकांना सांगा, दिसलं तर दिसू द्या.

एक विचारा त्यांना. ऑपरेशनमध्ये हात दिसला तो नेमका केव्हा? सुरुवातीला, मध्ये, की लेझरच्या हिरव्या उजेडानंतर? मी त्या वेळी काही बोलत होते का? विशेष कारण नाही, नोंदीसाठी हवं आहे.

मलिका


गोरेगाव
२५ मार्च २०२४

प्रिय मलिका,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लेझरच्या आधी. यांचं म्हणणं, तू थोडा वेळ गप्प होतीस, मग सिस्टरला जड पाणी द्या असं काहीतरी म्हणालीस आणि एक काडी बाहेर काढलीस. उजेडाची काडी तेवढी आत राहिली. त्या वेळी हात आला. नोंदीसाठी हवं असतं तर तू विशेष कारण नाही असं लिहिलं नसतंस. मी तुला चार वर्षं शिकवलंय.

आता मुख्य गोष्ट. ही त्यांनी तुला कळवू नको म्हणून सांगितली आहे आणि मी त्यांना न सांगता लिहितेय.

दोनेक आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्यातला हात गेला. त्यांनी सकाळी चहा घेताना सांगितलं, "तो तिकडं गेला आता." मला वाटलं, सुटलो. तिकडं म्हणजे बाहेर, असं मी समजले. पण तिकडं म्हणजे डाव्या डोळ्यात. चांगल्या डोळ्यात, मलिका, ज्याला काही झालेलंच नाही.

डाव्या डोळ्याने बघताना खाली, नाकाच्या बाजूला, कोपऱ्यात त्यांना चार बोटांची टोकं दिसतात. पूर्ण हात नाही. काहीतरी दाबून धरल्यासारखी टोकं, आणि दाब वाढला की कडेने पांढरी होतात. तेव्हापासून ते मान हलवत नाहीत. शेतात जात नाहीत. हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघतात. मी म्हटलं, हैदराबादला जाऊन दाखवून येऊ. तर म्हणाले, "त्यानं धरून ठेवलंय, नर्मदा. तिनं तिथं काही केलं अन् त्यानं सोडलं तर?"

त्यांनी मला नावाने हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदा.

तू मेंदूचं लिहिलंस ते मी समजून घेतलं. पण डावा डोळा अधू नाही. मग तिथली रिकामी जागा कुठली?

नर्मदाबाई


हैदराबाद
३० मार्च २०२४

बाई,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतेय आणि याचा फोटो जळबाकाकांच्या मोबाइलवरही. ते रागावलेले असले तरी तुम्हाला आणून दाखवतील.

काकांना घेऊन लगेच निघा. डोळ्यात चित्र उलटं पडतं. खाली नाकाजवळ दिसतं त्याची जागा पडद्यावर वर आणि बाहेरच्या बाजूला असते. उजव्या डोळ्याचा पडदा वर, बाहेरच्या बाजूलाच फाटला होता. दोन्ही डोळ्यांत तीच जागा कच्ची असू शकते. आतला गर तिथे ओढत असेल तर माणसाला तिथे काहीतरी दिसतं. बहुतेकांना चमक दिसते.

बोटं कोणाला दिसल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्यावर वाद घालायला वेळ नाही. काकांना सांगा, मी फक्त बघणार आहे. पटत नसेल तर माझी शपथ घाला.

मलिका


गोरेगाव
१३ एप्रिल २०२४

प्रिय मलिका,

घरी आलो. तुझ्या पत्राचा फोटो घेऊन जळबा स्वतः आला आणि हिंगोली स्टेशनापर्यंत आम्हाला त्यानेच सोडलं, हे तुला सांगायचं राहिलं होतं. माणूस वाईट नाही.

डावा डोळा वाचला हे तू सांगितलंस आणि आम्ही ऐकलं, पण तुझ्या खोलीतलं सगळं मला पुन्हा आठवतंय. यांची हनुवटी त्या यंत्रावर टेकवून तू किती वेळ बघत होतीस. नुसतं बघणार म्हणाली होतीस, मग लेझर करावाच लागेल म्हणालीस. यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली म्हणून ते तयार झाले. हिरवा उजेड लकलक करत होता. मला तुमचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण यांच्या ओठांवरून एक वाक्य कळलं. नंतर रेल्वेत विचारून घेतलं, तर तेच होतं. ते म्हणाले होते, "आता सोडलं त्यानं."

त्यावर तू यंत्रापासून मागे सरकलीस. उठलीस आणि प्यायला पाणी मागितलंस. तुझा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. परीक्षेत येत नसलेला प्रश्न आला की तू अशीच व्हायचीस.

बोटं आता दिसत नाहीत. उजव्यातला बुडबुडा लिंबाएवढा उरलाय आणि खाली डुचमळतो. नजर रोज वाढतेय. सगळं चांगलं चाललंय. मग तू कशाला घाबरलीस ते लिही.

नर्मदाबाई


हैदराबाद
२२ मे २०२४

आदरणीय बाई,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि उठले.

डाव्या पडद्यावर जे फाटलं होतं ते मोठं होतं आणि ताजं नव्हतं. अशा फाटीतून पाणी पडद्याखाली शिरतं आणि आठ-पंधरा दिवसांत पडदा सुटतो. काकांच्या डोळ्यात पाणी फाटीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. पुढे सरकलंच नव्हतं. असं कधी कधी होतं, पुस्तकात आहे. पण ते थांबलं होतं तिथली कड सरळ किंवा गोल नव्हती. तिला चार कमानी होत्या, शेजारी शेजारी. मी मोठं करून बघितलं, पुन्हा बघितलं. आणि काका म्हणाले सोडलं, त्याच वेळी ते पाणी माझ्या डोळ्यांदेखत पुढे यायला लागलं. लेझरची ओळ पुरी झाली होती म्हणून तिथे अडलं. जरा आधी सोडलं असतं तर डोळा गेला असता.

दुसरी गोष्ट. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सरळ झालं असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. पडद्याच्या मधोमध, नजरेच्या जागेवरच, एक घडी पडली होती. ती तशीच राहिली असती तर काकांना माणसाचा चेहरा वाकडा दिसला असता. मी प्रयत्न केला, घडी निघेना. म्हणून जड द्रव मागवला. तो पाण्यापेक्षा जड असतो, पडद्यावर सोडला की वजनाने घडी बसते. द्रव यायची वाट बघत मी कटर बाहेर काढला आणि मायक्रोस्कोपवरून नजर वर केली. पुन्हा बघितलं तेव्हा पडदा सपाट होता. पाणी हलल्याने कधी घडी आपोआप सुटते, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढे गेले.

आमच्याकडे प्रत्येक ऑपरेशनचं चित्रण होतं. तुमचं मार्चचं पत्र आल्यावर मी ते लावून बघितलं. डोळ्यात फक्त उजेडाची काडी आहे, ती स्थिर आहे. घडी मधून बाहेरच्या बाजूला सपाट होत जाते, सावकाश. तिच्यावरून काहीही जाताना दिसत नाही. पण पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्यासारख्या फिक्या पडत जातात आणि मग एकेक करून पुन्हा लाल होतात.

बाई, मी हे कोणाला दाखवलेलं नाही. तुम्हाला सांगते. आता ऑपरेशन सुरू करताना मी टेबलाच्या उजव्या बाजूला थोडी जागा मोकळी ठेवते. प्रियदर्शनी सिस्टरनी परवा तिथे ट्रॉली आणली तर मी मागे घ्यायला लावली. कोणी येणार आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असू दे.

आणि गेल्या आठवड्यात एका तरुण मुलीचा पडदा बसेना. द्रव जवळच होता. तरी मी कटर बाहेर काढला आणि थांबले. किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. पडदा बसला.

मलिका


गोरेगाव
२ जून २०२४

प्रिय मलिका,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवायचं की नाही, यात दोन दिवस घालवले. शेवटी दाखवलं. ते ओसरीवर बसून ऐकत होते. तू थांबलीस त्या ओळीपाशी मी आले तेव्हा त्यांनी मला वाचायचं बंद करायला सांगितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिला लिही, वाट पाहू नको म्हणावं. तो नुसता बसवून जात न्हाई."

मग त्यांनी आजवर लपवलेलं सांगितलं.

बुडबुडा एप्रिलच्या शेवटी पूर्ण विरला. तेव्हापासून उजव्या डोळ्याने त्यांना उत्तम दिसतं. दुरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचतात. चेहरे सरळ दिसतात. एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे त्यांचा स्वतःचा उजवा हात. ताट दिसतं, भाकरी दिसते, भाकरीचा तुकडा मोडून वर येताना दिसतो. तो मोडणारा हात दिसत नाही. डाव्या डोळ्याने बघितलं की हात असतो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तू वाचवलेला डोळा, त्याबद्दल तक्रार कशी करायची म्हणून ते गप्प राहिले.

तपासल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, हे तुला ठाऊक आहे. सकाळच्या चांगल्या उजेडात अंगणात त्यांना बसवलं. डाव्या डोळ्यावर रुमालाची घडी बांधली. समोरच्या बाजेच्या दोरीचे पीळ विचारले, बरोबर सांगितले. भिंतीवरची भेग दाखवली. माझ्या कपाळावरचा तीळ त्यांनी आपणहून सांगितला. त्यांचा डावा हात समोर आणला, तो दिसला. मग मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट, आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. हात गरम होता. नाडी लागत होती. विचारलं, काय दिसतं.

मलिका, तुझं सगळं काम हातांचं आहे. पडदा बसत नसेल तर तुझ्या द्रवाने बसव. वेळ लागू दे, घडी राहिली तर राहू दे, पण कटर बाहेर काढून थांबू नकोस. ट्रॉली जिथे होती तिथे ठेवायला सांग. त्या मुलीला बोलावून घे आणि तिला काय दिसत नाही ते विचार. काय दिसतं ते सगळेच विचारतात.

काय दिसतं असं मी विचारलं तेव्हा हे पुढे वाकून बघू लागले. मग म्हणाले, "तुझी बोटं दिसून राहिली. मिटलेली हायेत. मधी काही न्हाई."

नर्मदाबाई